गाऱ्हाणं मोडायचं नसतं

मी जात्याच भित्री. ऑफिसात कोणी "जरा केबिनमध्ये या" म्हटलं की नोकरी गेली असं धरून मी पर्स बरोबर घेऊन जाते. अवेळी फोन वाजला तर उचलण्याआधीच पाय गार पडतात. बाबा हसायचे. "गो बाय, तुझा काळीज आसा काय शिलाईची मशीन?" असं म्हणायचे, आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचे, कारण हळू बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस. मागच्या दाराशी उभं राहून पुढच्या दाराशी लोंबकळणाऱ्याला आत सरकवायचं काम त्यांनी नुसत्या आवाजाने केलेलं.

मग त्यांना हार्ट अटॅक आला आणि माझ्या भित्रेपणाला घरातच काम मिळालं.

झटका सौम्य आहे, असं डॉक्टर म्हणाले. जिने कमी, मीठ कमी, साखर बंद, दगदग नको. पुन्हा आला तर मात्र सांगता येत नाही. हे शेवटचं वाक्य डॉक्टर इतक्या सहज बोलले की बाबांनी ते ऐकलंही नसावं. माझ्या मात्र ते कानात जाऊन बसलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, मी लग्न केलं नव्हतं, परळच्या चाळीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत आम्ही दोघंच. बाबा मोरीत गेले की मी बाहेर तांब्याचा आवाज ऐकत उभी. आवाज थांबला की हाक मारायची. आतून ओरडा यायचा, "आसंय गो, मराक नाय अजून!" शेजारचे हसायचे. मी पण हसायचे, पण हाक मारायची काही थांबले नाही.

रविवार तेवढा माझा बाहेरचा. आमच्या भागात एक वारसा संस्था आहे, मी तिची जुनी सभासद. लोक आम्हाला "हेरिटेजवाले" म्हणतात आणि त्यात थोडी थट्टा असते. असू दे. परळ-लालबागच्या गल्ल्यांतून लोकांना फिरवून आणायचं, कोणाच्या ट्रंकेतले जुने फोटो मागून आणून प्रदर्शन भरवायचं, दिवाळीत पोरांकडून किल्ले करवून घ्यायचे, कधी जुन्या पदार्थांची स्पर्धा ठेवायची आणि मग परीक्षकांनी कोणाचं नाव आधी घेतलं यावरून सहा महिने भांडायचं, असा आमचा कारभार. अध्यक्षबाई दादरच्या, इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका. सेक्रेटरी परळचेच, कॅथलिक. आमची घराणी कोकणातून गिरणीत भरती व्हायला आली त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचं घराणं मुंबईत, आणि हे ते दर मीटिंगला एकदा तरी ऐकवत. त्यांनी उमेदीची वर्षं साउंड रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत काढली होती. संस्थेच्या प्रत्येक कार्यक्रमात ते कानाला हेडफोन लावून, एका कोपऱ्यात मशीन मांडून बसलेले असत.

वर्षातून एकदा आमचा मालवणी दिवस असतो. एका शाळेच्या पटांगणात मांडव, वडे, आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी, आणि सुरुवातीला गाऱ्हाणं. पुस्तकी मराठीत गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्याकडे ते देवाशी बोलणं असतं. देवापुढे नारळ ठेवून घरातला किंवा गावातला मोठा माणूस उभा राहतो आणि खणखणीत आवाजात एकेक मागणं मांडतो. प्रत्येक मागणं एका श्वासात, शेवटी "रे म्हाराजा" अशी हाळी, की जमलेल्या सगळ्यांनी एका तोंडाने म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" पीक येऊ दे, व्हय म्हाराजा. पोरांना नोकऱ्या लागू देत, व्हय म्हाराजा. चुकलंमाकलं पदरात घे, व्हय म्हाराजा. लहानपणी मला यातलं काही कळायचं नाही, फक्त "म्हाराजा" आलं की ओरडायचं एवढं कळायचं. आणि एक गोष्ट कळायची, ती बाबांनी बजावून सांगितलेली: सुरू केलेलं गाऱ्हाणं अर्ध्यावर मोडायचं नसतं. मोडलं तर मागितलेलं सगळं उलटतं.

संस्थेसाठी दर वर्षी गाऱ्हाणं घालणारे लालबागचे एक आजोबा कायमचे गावी गेले. अध्यक्षबाईंनी मला गाठलं.

"अहो, तुमचे वडील घालतात ना गाऱ्हाणं? इतका अस्सल माणूस घरात असताना आपण बाहेर कशाला शोधायचं?"

"त्यांना झेपायचं नाही," मी म्हटलं. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"दोन मिनिटांचं काम आहे हो. आपण खुर्ची ठेवू."

ह्या बाईंना नाही म्हणणं सोपं नव्हतं, पण मी म्हटलं. बाबांना यातलं काही कळू द्यायचं नाही असंही ठरवलं. तर बाईंनी संध्याकाळी सरळ घरच्या फोनवर फोन केला आणि तो उचलला बाबांनी. मी ऑफिसातून आले तर बाबा धुतलेलं धोतर दोरीवर वाळत घालत होते. गेली दोन-तीन वर्षं घरात लेंग्यावर असलेला माणूस.

"मी येवजलंय," ते म्हणाले. म्हणजे ठरलं.

मी भांडले. खूप भांडले. रडलेसुद्धा. ते ऐकून घेत होते, आणि शेवटी म्हणाले, "नारळ ठेवूक काय डोंगार चढूचो लागता?" मग थोड्या वेळाने, आवाज जरा खाली आणून, म्हणजे निदान गॅलरीपलीकडे जाणार नाही इतपत, म्हणाले, "माका कोणी कशाक बोलवणत नाय आता. हेंनी बोलवल्यानी."

त्या धोतराकडे बघून माझा राग गेला, पण भीती गेली नाही. भीती वाढली.

तालीम सुरू झाली. मी स्वयंपाक करताना बाबा पलंगावर बसून गाऱ्हाणं घालायचे आणि मला आतून "व्हय म्हाराजा" म्हणायला लावायचे. मी म्हणायचे, पण माझं लक्ष त्यांच्या श्वासावर. एका दमात एवढं लांब वाक्य, आणि "म्हाराजा"च्या शेवटी तो आवाज वर नेऊन ताणायचा. ताणताना त्यांच्या मानेवरची शीर फुगायची. वाक्य संपलं की छाती वरखाली व्हायची आणि मी पोळी तव्यावर तशीच ठेवून बाहेर डोकावायचे. ते कशासाठी काय मागतात ते मी एकदाही नीट ऐकलं नाही. मला फक्त पुढचा श्वास हवा होता.

"बाबा, मला एक वचन द्या. तिथे जरा जरी काही वाटलं, दुखलं, गरगरलं, तर लगेच सांगायचं. लाजायचं नाही, लपवायचं नाही."

"सांगान."

"नक्की?"

"सांगान म्हटलंय मां?"

त्या रविवारी सकाळी मी पर्समध्ये जिभेखाली ठेवायची गोळी ठेवली, एक जास्तीची ब्लाउजमध्ये खोचली. पाण्याची बाटली, डॉक्टरांची फाइल, मोबाइल पूर्ण चार्ज. परळला हॉस्पिटलांची काही ददात नाही, कुठूनही पाच-दहा मिनिटांवर एखादं येतंच, तरी मी जाताना टॅक्सीवाल्याला विचारून घेतलं की शाळेपासून कोणत्या रस्त्याने सिग्नल कमी लागतात. बाबांनी मला कोपराने ढोसलं. "तू माका पोचवूक चललंस काय?" टॅक्सीवाला हसला. मला ते वाक्य अजिबात आवडलं नाही.

मांडव भरला होता. आमच्या चाळीतले होते, लालबागचे होते, गिरगावातून आले होते. दादरची काही मंडळी अध्यक्षबाईंच्या शब्दाखातर आली होती आणि सोलकढीचे ग्लास धरून अदबीने उभी होती. बाबांना पुढे नेलं. पाटावर देवाची तसबीर, पुढे नारळ, विडा. खुर्ची ठेवली होती, बाबांनी ती पायाने मागे सारली. माइकही नको म्हणाले. पांढरं धोतर, काळी टोपी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांच्या मागे, उजव्या हाताला, धरता येईल इतक्या अंतरावर उभी राहिले.

"बा देवा म्हाराजा!" बाबांनी आवाज लावला आणि मांडवातली कुजबुज बंद झाली. "आज ही सगळी लेकरा तुझ्या पायाशी जमली हत, त्येंचो हो कार्यक्रम गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तो आवाज एवढा मोठा होता की दादरचे पाहुणे दचकले आणि मग खूश झाले. मोबाइल वर झाले. दुसऱ्या मागण्याला तेही ओरडले. चाकरमान्यांना सुखाने ठेव, व्हय म्हाराजा. ज्यांची घरं पाडली त्यांना नव्या घराच्या चाव्या मिळू देत, व्हय म्हाराजा, इथे लालबागकर जरा जास्तच जोरात. ज्याचं लग्न जमत नाही त्याचं जमव, व्हय म्हाराजा, हशा. बाबांना रंग चढला होता. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. सदरा घामाने चिकटला होता. उन्हाळा होता, मांडवात सगळ्यांचेच कपडे चिकटले होते. वाक्य संपलं की पाठ वर यायची, खाली जायची. पुन्हा वर यायची. येतेय, येतेय, असं मी मनात म्हणत होते आणि तोंडाने सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणत होते.

मग पाठ जरा उशिराने वर आली. त्यांनी जोडलेले हात सुटले आणि डावा हात खाली आला. दमले, असं मला वाटलं. आता संपवतीलच. आवाज मात्र तसाच होता, तीच लय, शेवटी तीच हाळी. मांडव तसाच गरजत होता. मीही.

माझ्या खांद्याला कोणीतरी हात लावला. सेक्रेटरी होते. ते कधी आपल्या मशीनपासून हलत नसत. हेडफोन गळ्यात अडकवलेले, वायर मागे लोंबत होती.

"सॉरी हां," ते माझ्या कानाशी म्हणाले. "मला तुमची मालवणी सगळी कळत नाही. 'डावो हात' म्हणजे लेफ्ट हँडच ना?"

"हो. का?"

"ते म्हणतायत डावा हात जड झाला. त्याच्या आधी छातीवर धोंडा की काय म्हणाले. हे असतं का त्यात?"

मला आधी त्यांचा प्रश्नच कळेना. गाऱ्हाण्यात काय असतं नि काय नसतं ते मी इतक्या वर्षांत कधी बघितलंच नव्हतं. आणि मग, लयीऐवजी शब्दांकडे कान देऊन, बाबा काय म्हणतायत ते मी ऐकलं.

"डोळ्यांफुडे काळोख येता हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माका कोणीतरी धरा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मांडव आनंदाने ओरडला, आणि एकही माणूस जागचा हलला नाही.

मी धरलं. म्हणजे मी आणि सेक्रेटरींनी, दोन बाजूंनी. बाबांचं सगळं वजन माझ्या अंगावर आलं आणि त्यांच्या दंडाचा गारवा सदऱ्यातून मला लागला. इतका गार माणूस मी त्याआधी एकदाच हातात धरला होता, आईला. मी ओरडले, "खुर्ची! खुर्ची आणा!" पण माझा आवाज कोणाला ऐकू गेला असेल असं वाटत नाही. बाबांनी मान वर केली. मी म्हणत होते, बस झालं, बाबा, बस झालं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांना ते संपवायचं होतं.

"सगळ्यांचा... भला कर... रे म्हाराजा."

ही हाळी नव्हतीच, नुसता श्वास होता. तरी पुढच्या रांगेने झेलली, आणि "व्हय म्हाराजा!" झाल्यावर टाळ्या पडल्या. आम्ही त्यांना खुर्चीत बसवत होतो, मी त्यांच्या जिभेखाली गोळी सारत होते, आणि लोक टाळ्या वाजवत होते. कोणीतरी शिट्टी मारली. ती शिट्टी मला अजून ऐकू येते.

मग कोणाच्या तरी लक्षात आलं. टाळ्या पुढून मागे अशा थांबत गेल्या. अध्यक्षबाई धावत आल्या, त्यांच्या पायाशी नारळ घरंगळला. खुर्चीसकट चौघांनी बाबांना उचललं आणि रस्त्यावर आणून टॅक्सीत घातलं. सिग्नल कमी असलेला रस्ता मला आठवेना. एवढा सकाळी विचारून ठेवलेला. बाबांचं डोकं माझ्या मांडीवर. ओठ निळसर. मी त्यांच्या नाकाशी बोट धरून बसले होते आणि वारा लागला की पुढच्या वाऱ्याची वाट बघत होते. देवाला काय म्हणावं तेही सुचत नव्हतं. इतकी मागणी एवढ्यात मागून झाली होती, आणि आमच्यासाठी एक शिल्लक ठेवायचं कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये त्यांना आत नेलं. एक तरुण डॉक्टर बाहेर आला, बोलण्यावरून विदर्भाकडचा वाटला.

"केव्हापासून दुखत होतं? नेमकं सांगा, फार महत्त्वाचं आहे."

मी हाताच्या अंतरावर उभी होते आणि मला माहीत नव्हतं. मला म्हणता आलं असतं, पाच मिनिटं. अर्धा तास. काहीही.

"रेकॉर्डिंग आहे," सेक्रेटरी म्हणाले. मशीन काखेत मारूनच ते टॅक्सीत पुढे बसले होते, ते मला तेव्हा दिसलं. त्यांनी मागे नेलं, पुढे नेलं, पुन्हा मागे, आणि एक हेडफोन डॉक्टरच्या कानाला लावून दुसरा माझ्या हातात दिला. मला तो घ्यायचा नव्हता. घेतला.

"छातीर धोंडो ठेवल्यासारख्या वाटता रे म्हाराजा." स्वच्छ, मोठा, ओळखीचा आवाज. कंडक्टरचा. पुढे सरका म्हणताना लागायचा तोच.

"हे लोक काय ओरडतायत?" डॉक्टरने विचारलं.

"हो म्हणतायत," मी म्हटलं.

त्या ओरडण्यात एका बाईचा आवाज सगळ्यांत जवळचा होता. तो माझा होता. छातीवर धोंडा, व्हय म्हाराजा. डावा हात जड, व्हय म्हाराजा. डॉक्टरने मशीनवरची वेळ बघितली, मग घड्याळात बघितलं, काहीतरी मनात जुळवलं आणि म्हणाला, "बरं झालं. अजून वेळ आहे," आणि आत पळाला. मी हेडफोन कानावरून काढला तरी ते माझ्या कानात चालूच होतं.

आतलं काम होईपर्यंत आम्ही तिघं बाकड्यावर बसून होतो. अध्यक्षबाई दुसऱ्या टॅक्सीने मागून आल्या होत्या, एरवी वाक्यामागून वाक्य बोलणाऱ्या. एकदाच म्हणाल्या, "मी टाळ्या वाजवल्या हो." मला त्यांचा राग यायला हवा होता, पण रागाला जागाच नव्हती. आतलं दार उघडलं की मी उठून उभी राहायचे, कोणी दुसऱ्याच पेशंटचं नाव पुकारलं की पुन्हा बसायचे आणि मग, दुसऱ्याचं म्हणून बरं वाटलं, याची लाज वाटायची. दर वेळी.

सेक्रेटरी हळूच म्हणाले, "आमच्याकडे पण आहे असंच. लिटनी. पुढे एक जण संतांची नावं घेत जातो आणि आम्ही मागून 'आम्हांसाठी विनंती कर', 'आम्हांसाठी विनंती कर'. मध्ये कोणी मंत्र्याचं नाव घुसडलं तरी विनंती कर. लहानपणी मी झोपेत पण म्हणायचो." ते थोडे थांबले. "आज मला सवय नव्हती, म्हणून ऐकू आलं. बाकी काही नाही."

मी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत कधी धरला नव्हता, आणि त्यांनाही काय करावं कळेना, तर ते तसेच बसून राहिले.

बाबा वाचले. हे मी एवढं सहज लिहिते, पण तो दिवस आणि पुढचे काही दिवस मी कोणत्याच वाक्याच्या शेवटापर्यंत धड पोहोचत नव्हते. त्यांना वॉर्डात आणल्यावर, जरा बोलू लागल्यावर, मी पहिलं काय केलं तर चिडले.

"सांगीन म्हणाला होतात ना मला? वचन दिलं होतं!"

त्यांनी माझ्याकडे खरोखर आश्चर्याने बघितलं.

"सांगलंय की," ते म्हणाले. आवाज बसला होता, पहिल्यांदाच आयुष्यात त्यांचं बोलणं पलीकडच्या खाटेवर गेलं नाही. "चार वेळा सांगलंय. तुमीच व्हय म्हणालास."

"थांबायचं होतं हो मध्येच. हात वर करायचा."

"गाऱ्हाणा मोडूचा नसता."

नर्स आली म्हणून मला तोंड दुसरीकडे वळवता आलं.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. या वर्षीही मालवणी दिवस झाला. अध्यक्षबाई घरी आल्या होत्या, बाबांना प्रमुख पाहुणे म्हणून नुसतं बसवू म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत बाबाच नको म्हणाले. "तुमी लोका ऐकणास नाय," असं त्यांनी त्यांना तोंडावर सांगितलं आणि चहा पाजून पाठवलं. मी गेले कार्यक्रमाला. कोणा दुसऱ्याने गाऱ्हाणं घातलं, छान घातलं. मला एकदाही "व्हय" म्हणता आलं नाही. प्रत्येक मागणं आधी पूर्ण ऐकायचं, कळलं का बघायचं, तोवर पुढचं आलेलं असायचं. सेक्रेटरींनी कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

भीती गेली नाही. ती आता घरात तिसरी राहते. बाबा खाली उतरत नाहीत, फार तर गॅलरीत येऊन कठड्याला धरून उभे राहतात, समोरच्या टॉवरचे मजले बघतात. जेवण कमी झालंय. पायांना सूज येते, उतरते, येते. मोरीबाहेर मी अजून उभी असते, आता अगदी दाराशी.

पण सकाळची एक नवी रीत पडलीय. आंघोळ झाली की ते देवघराशी पाट घेऊन बसतात आणि घरच्या देवाला छोटंसं गाऱ्हाणं घालतात, आणि मी ओट्याशी उभी राहून व्हय म्हणायचं. पहिले काही दिवस सरळ गेले. मग एकदा नेहमीच्या लयीत आलं, "आज माझ्या चायेत दोन चमचे साकर पडांदे रे म्हाराजा!" आणि मी म्हणून गेले, "व्हय म्हाराजा." ते इतके हसले की मला भीती वाटली. तेव्हापासून माझी रोज परीक्षा. मध्येच कुठेतरी ते काहीतरी सरकवतात. सुरमई तळांदे. डॉक्टराची गाडी पंक्चर होवांदे. आणि मी ते बरोबर पकडून म्हणायचं, "नाय म्हाराजा!" चुकले की दिवसभर चेष्टा. मी आता चुकत नाही. कुकरची शिट्टी चालू असली तरी चुकत नाही.

परवा सकाळी मी चहाचं आधण ठेवत होते. बाहेर बाबांचं सुरू झालं. आवाज हल्ली मजल्यावर जात नाही, ओट्यापर्यंत येतो तेवढाच.

"ह्या घराक आजपातुर जा काय दिलंस, ता खूप दिलंस रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"माझ्या चेडवाक कोणाचा तोंड बघूची पाळी हाडू नको रे म्हाराजा." चेडू म्हणजे लेक, म्हणजे मी.

"व्हय म्हाराजा."

मग श्वास घ्यायला थांबले. मी आधणाकडे बघत थांबले.

"आणि ह्या म्हाताऱ्याक आता मोकळो कर रे म्हाराजा."

तीच लय होती. तीच शेवटची हाळी, दमली होती पण होती. तोंड उघडलं होतं माझं, सवयीने. आधण उकळून वर येत होतं. मी ओट्याची कड धरली.

"नाय म्हाराजा," मी म्हटलं.

मी गॅस बारीक केला. मग पाट सरकला.

"ऐकतंस मगे तू," बाबा म्हणाले. "हाड चाय."

मी चहा गाळला, बिनसाखरेचा, आणि त्यांना नेऊन दिला.